सड्याची उलटी चढण

“विहीर! विहीर! मेल्या, मागे विहीर आहे!” नाना ओरडत होते.

मी पुढे बघत होतो. मुंबईच्या मोटार कारखान्यात सहा महिने काढलेला माणूस गाडी चालवताना पुढेच बघतो. (त्या सहा महिन्यांत मी मुख्यतः झाडू मारला, पण तो मोटारींच्या खालूनच मारला.) पहिला गिअर टाकला होता, इंजिन गर्जत होतं, आणि समोरचं फाटक जवळ यायचं सोडून लांब लांब चाललं होतं. फाटक कुठे चाललंय, याचा मी शांतपणे विचार करत होतो. तेवढ्यात विहिरीच्या काठावरच्या माडाने आम्हाला पाठीमागून अडवलं. वरून दोन नारळ पडले. एक टपावर, एक नानांच्या पायाशी. नानांनी आधी नारळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या दोघांतला नारळ त्यांना जास्त उपयोगी वाटला असावा, कारण त्यांनी तोच उचलून घरात नेला.

ही गोष्ट आहे आमची मोटार अजून होती, बोटीचा भोंगा ऐकून गावातले लोक घड्याळं लावत आणि मी तेवीस वर्षांचा होतो तेव्हाची. मोटार नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. कापडी टपाची, पितळी दिव्यांची, दिसायला नवरीसारखी. इंजिन बारा घोड्यांचं. मात्र त्यातले चार घोडे साहेबाबरोबरच विलायतेला परतले असावेत आणि उरलेल्यांना दमा होता. नानांनी ती रत्नागिरी ते राजापूर उतारूंसाठी चालवायला काढली, आणि तिथे आडवी आली गावाबाहेरची सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाणारी चढण.

या चढणीला उतरायचा एक रिवाज पडून गेला होता. पायथ्याला तरणी माणसं उतरत. पहिल्या वळणावर व्यापारी, दुसऱ्यावर बायका, आणि तिसऱ्यावर “आता आपलीही वेळ आली” म्हणत म्हातारे. सड्यावर पोचायचो तो गाडीत फक्त मी आणि सामान. बाकीचे सगळे मागून ढकलत, आणि ढकलणाऱ्यांत काळा कोट, टोपी घातलेले गाडीचे मालक सर्वांत पुढे. एकदा देवरुखच्या एका उतारूने वर पोचल्यावर घाम पुसत नानांना सांगितलं, “नाना, पुढच्या खेपेला आम्ही आपले चालतच येऊ. गाडी तुम्ही सावकाश घेऊन या.”

त्या दिवशी नाना घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं की मोटारीचं खूळ पुरे झालं. मुंबईत दादाने (म्हणजे माझ्या थोरल्या भावाने) एका कचेरीत कारकुनाची जागा बघून ठेवलीय, ती धरायची. मी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मुंबई मला नको होती. कचेरी त्याहून नको होती. मला पेट्रोलचा वास, लाल धुळीचा रस्ता आणि संध्याकाळची भाट्याची वाळू एवढंच हवं होतं. शेवटी नानांनी अट घातली. पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारपर्यंत ही गाडी पाच माणसं घेऊन, एकालाही खाली न उतरवता, सड्यावर चढली तर मी रत्नागिरीत राहायचं. नाही चढली तर सोमवारची बोट.

नाना शब्दाचे इतके पक्के, की एकदा रागात “आता चहा सोडला” म्हणाले आणि पुढची अकरा वर्षं कॉफी प्यायले.

म्हणून मी गेलो राजिवड्याला उस्मानचाचांकडे. चाचांनी उभा जन्म लाँचीच्या इंजिनापाशी काढला होता. त्यांची शेवटची लाँच खडकावर फुटली होती आणि तिचं इंजिन त्यांच्या पडवीत, गोधडीखाली झाकून, आजारी माणसासारखं ठेवलेलं होतं. चोवीस घोडे! मी नुसता हात लावला आणि मला सड्यावरचा वारा लागला.

आमच्या आंब्याखाली दीड महिना काम चाललं. बांबूची तिकटी, काथ्याचे दोर, गलबताची कप्पी. जुनं इंजिन आम्ही दोघांनी उचललं. नवं उचलायला बंदरावरचे आठ खारवी लागले. ते गाडीच्या तोंडात मावेना, म्हणून गाडीचं तोंड कापलं. तरी मावेना, म्हणून ते थोडं माझ्या मांडीवर घ्यायचं ठरलं. धुराचं नळकांडं बाजूने उभं वर गेलं. आई रोज पोह्यांची ताटली घेऊन यायची, गाडीकडे बघायची आणि म्हणायची, “बंडू, आता हिला शीड कधी लावणार रे?”

खरी अडचण पाण्याची होती. मोटारीचं इंजिन आपलं तेच पाणी फिरवून फिरवून गार करतं. लाँचीचं इंजिन खालून समुद्र ओढतं आणि तापला की बाजूने फेकून देतं. मी म्हटलं, चाचा, तेच पाणी परत घेऊ. चाचांना ते सोवळंमोडीसारखं वाटलं.

“बंडूशेट, चाळीस वर्षांत मी उष्टं पाणी इंजिनाला पाजलं नाही.”

म्हणून मागच्या सीटवर पाण्याचं लोखंडी पिंप बसलं आणि डाव्या अंगाने कढत पाण्याची पिचकारी सुटली. पहिल्याच दिवशी शेजारचे दत्तू मास्तर चौकशीला आले ते पिचकारीच्या बाजूने आले. (त्यानंतर ते कायम उजवीकडून येत.)

आणि मग तो शुक्रवार, ती विहीर, तो माड.

चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाकडे पाहिलं, दाढी खाजवली आणि कबूल केलं की या इंजिनाचा फेरा उलटा आहे. लाँचीवर त्याने काही बिघडत नाही, कारण पाण्यातला पंखाच त्या हिशेबाचा असतो. ते चाळीस वर्षं हे विसरून गेले होते, जसा आपण कुठल्या कुशीवर झोपतो ते विसरतो. थोडक्यात, माझ्या गाडीला आता मागे जायचे तीन गिअर होते आणि पुढे जायचा एक. तोही मेंगळट.

मी बोटांवर हिशेब केला. सगळं उलगडून पुन्हा बसवायचं तर आठ दिवस. हातात दोन. चाचा मात्र विडी पेटवून म्हणाले, “धक्क्याला लाँच उलटीच लावतात. उलटी चढवू.”

रविवारी अर्धी रत्नागिरी पायथ्याला उभी होती. गाडीत पाच जण. पुढे मी, मांडीवर इंजिन. माझ्या बाजूला दत्तू मास्तर, उजव्या अंगाला, छत्री उघडून. मागे पिंपाच्या दोन्ही बाजूंना नाना आणि आई. आणि पाचवे उस्मानचाचा, मागच्या पायरीवर उभे राहून, वाट दाखवायला. गाडीची पाठ सड्याकडे, तोंड समुद्राकडे. नाना एवढंच म्हणाले की अटीत तोंडाचा उल्लेख नव्हता, म्हणून चालेल.

मी पहिला गिअर टाकला. आणि काय सांगू! ज्या चढणीने आमची इतकी वर्षं थट्टा केली होती, तिच्यावर ती गाडी पाठमोरी, ढुशी मारत रेडा चढावा तशी चढू लागली. मला रस्ता दिसत नव्हता. मला दिसत होती वर चालत येणारी माणसं, जी माझ्याशी समोरासमोर गप्पा मारत होती. चाचा मागून लाँचीवरचे हुकूम सोडत होते, आणि चाचांचं डावं म्हणजे माझं उजवं, हे माझ्या ध्यानात यायला रस्त्याकडेचे दोन दगडी गडगे पडले.

दुसऱ्या वळणावर आईने पिंपात डोकावून सांगितलं की तळ दिसतोय. मी म्हटलं, कुणीतरी उतरून पाणी आणा.

“कोणी उतरायचं नाही,” नाना म्हणाले.

मला वाटलं, आता हे मला मुंबईला धाडणार. पण त्यांचा आवाज वेगळा होता. समोरून (म्हणजे मागून) शहाळ्यांची एक बैलगाडी उतरत होती. नानांनी गाडीवानाला हाक मारली, त्याने बैल थांबवले आणि तो शहाळी घेऊन आमच्या बरोबरीने धावू लागला. चालत्या गाडीत नाना उभे राहिले, त्याचीच कोयती घेऊन त्यांनी एकामागून एक शहाळी फोडली आणि पिंपात ओतली. बेचाळीस! कोटाच्या बाह्या भिजल्या, टोपी कुठे गेली कळलं नाही. शहाळ्याचं पाणी पिऊन चाललेलं इंजिन जगात दुसरं असेल तर मला दाखवा. डावीकडून उडणाऱ्या पिचकारीचे निवलेले शिंतोडे झेलायला पोरं तोंड वासून धावत होती.

सड्याच्या तोंडाशी पोचलो, पाचच्या पाच जण गाडीत, आणि इंजिनातून ‘खट्’ असा एकच आवाज आला. त्यानंतर ते कधीच बोललं नाही. चाचांनी डोक्यावरची गोल टोपी काढून हातात घेतली.

आजवर ही चढण आम्ही मान खाली घालून, गाडीला खांदा लावून चढलो होतो. आज पहिल्यांदाच तोंड समुद्राकडे होतं. खाली माडांचं हिरवं, त्यापलीकडे खाडी, भाट्याची वाळू, आणि ऊन सांडलेलं सगळं पाणी.

“अगो बाई,” आई म्हणाली, “हे एवढं सगळं रोज आपल्या पाठीमागे होतं?”

आणि नाना हसले. भिजलेल्या कोटात, हातात कोयती घेऊन, खदाखदा. मी आता त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा म्हातारा झालोय, पण ते हसणं अजून ऐकू येतं. तसे ते त्याआधी हसले नव्हते आणि नंतर फारसे हसले नाहीत.

गाडी शहाळीवाल्याच्याच बैलांनी ओढून खाली आणली. (नवं इंजिन बसल्यावर तेवढाच काय तो प्रवास तिने सरळ तोंडाने केला.) तोवर इंजिनाला तडा गेल्याचं चाचांनी सांगितलं होतं, चाकं वाकडी झाली होती, आणि ज्यांचे गडगे पडले ते दोघे भरपाई मागायला ओटीवर येऊन बसले होते. त्यांना वाटेला लावून नाना पाय धुवायला मागीलदारी गेले. मी मागोमाग गेलो. धीर करून म्हटलं, नाना, पाचही जण बसून होते, कोणी उतरलं नाही, म्हणजे अट पुरी झाली ना?

नानांनी एक पाय धुतला. मग दुसरा धुतला. मग पंच्याने दोन्ही पुसले.

“शब्द दिलाय तो दिलाय,” ते म्हणाले. “तू राहा इथे. सोमवारच्या बोटीने मी जातो.”