वापरकर्तीची खुर्ची

मार्चचा दुसरा मंगळवार. सकाळचे अकरा. वर्ध्यातलं एक मंगल कार्यालय. आदल्या लग्नातले झेंडूचे हार अजून खांबांवर सुकत होते.

हजर: कंपनीचे मालक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांच्या प्रचार विभागाच्या बाई. तन्मय, पुण्याहून आलेला नवा डिझाइनर. हिंगणघाट, आर्वी, कारंजा इथले शेती-अवजारांचे दुकानदार. जामजवळच्या माझ्या गावातून जीपनं आणलेल्या, कापूस वेचणाऱ्या बाया. त्यांच्यात सुमन. एक फोटोवाला. आणि मी.

प्रत्येक बैठकीची अशी नोंद करायची मला सवय आहे. तारीख, हजर, काय ठरलं, काय बाकी. त्या दिवसाचीही केली. कंपनीच्या यादीत मात्र मी कुठे होते, ते मला दारातच कळलं.

तन्मय दारात उभा होता. माझ्या हातात ड्रॉइंगची नळी होती. तरी तो म्हणाला, "काकू, तुमची जीप मागच्या दाराला लागलीय. तुम्ही सगळ्या तिकडून या."

मी म्हटलं, मी ऑटोनं आले. बोरगाव मेघेहून. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला. फार दिवसांनी ओळखीचं माणूस भेटावं तसा.

"तुम्ही ट्रेनिंगच्या व्हिडिओतल्या ना? त्या कापूस वेचणाऱ्या बाई! आम्हाला पहिल्याच दिवशी तुम्हाला दाखवतात."

तो ज्या वस्तूची माहिती द्यायला आला होता, ती वस्तू मी केली होती. माझी ड्रॉइंग्ज गेले चार महिने त्याच्या कॉम्प्युटरवर होती. त्यावरचं नाव त्याला पाठ होतं. माझा चेहराही पाठ होता. दोन्ही एकाच बाईचे असतील, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याचा राग मला आला नाही. त्याला जे शिकवलं, ते तो नीट शिकला होता.

तो व्हिडिओ कसा झाला, ते सांगते.

मी वस्तूंचं डिझाइन करते. कुकरची मूठ हाताला चटका न देता कशी धरता येईल, दवाखान्याची ट्रॉली उंबरठ्यावरून कशी जाईल, शाळेच्या बाकाचा कोपरा पोराच्या कपाळाला कसा लागणार नाही, हे माझं काम. आता पन्नाशी जवळ आली. एवढ्या वर्षांत माझ्या हातचं काही ना काही बहुतेक घरांत गेलं असेल. कुणाला माहीत नाही. या धंद्यात ते चालतं. कुकर उघडताना कुणी डिझाइनर आठवत नाही. त्याचं दुःख नाही.

शिक्षण संपवून मी पुण्याला याच कंपनीत लागले. नाल्यापलीकडच्या आमच्या वस्तीतून डिझाइनच्या कॉलेजात गेलेली मी पहिली. मोठ्या सरांनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग काही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "कोट्यातली." मी डबा उघडत होते. मी उघडत राहिले.

कंपनी तेव्हा कापूस वेचणीची पिशवी करत होती. आमच्याकडे बाया जुनं लुगडं कमरेला बांधून त्याची झोळी करतात. तिला ओटी म्हणतात. वेचलेला कापूस त्यात जातो आणि सगळं ओझं कमरेवर येतं. माझी आई आयुष्यभर ओटी बांधून फिरली. तिच्या कमरेवर, गाठ बसायची तिथे, कातडी काळी आणि जाड झाली होती. बैलाच्या खांद्यासारखी. कंपनीत हे ठाऊक असलेली मी एकटी होते. मला वाटलं, आता आपल्याला विचारतील.

चाचणीची एक खोली होती. मध्ये एक काच. या बाजूनं आरसा, त्या बाजूनं खिडकी. या बाजूला वापरणारी बाई बसते, त्या बाजूला डिझाइनर बसून तिला बघतात. खोलीत वाळूच्या कुंड्यांमध्ये पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, रोवल्या होत्या. आमच्याकडून मागवलेल्या, बोंडांसकट. एसी चालू. त्या थंड हवेत त्या पऱ्हाट्या फार केविलवाण्या दिसत होत्या.

ज्या बाया येणार होत्या, त्या आल्या नाहीत. सगळे काचेपलीकडे कॅमेरा लावून वाट बघत होते. मीही तिकडेच होते, वही घेऊन. चहा आला. मी कप उचलला तेवढ्यात मोठे सर म्हणाले,

"तू बस ना. तू तर त्यांच्यातलीच."

मी कप ठेवला आणि गेले. खुर्चीत बसले, पिशवी बांधली, पऱ्हाटीपाशी उभी राहिले. स्पीकरमधून सरांचा आवाज आला. "पुस्तकी नको हं. तुमच्याकडचं बोल."

तेव्हा मी बोलले. आई बोलायची तसं. "कंबर दुखून राह्यली. हा पट्टा पोटाले काचते. मले नाई जमून राह्यलं हे."

काचेपलीकडे हसू फुटलं. मला समोर फक्त मी दिसत होते. आरशात. कमरेला पिशवी बांधलेली, जीन्सवर. हसणारे कोण, किती, काही दिसत नव्हतं. माझा कप तिकडे निवत होता.

मी जे बोलले ते बरोबर होतं. पट्टा चुकीच्या जागी होता. कुणी लिहून घेतलं नाही. पिशवी तशीच बाजारात आली आणि पडली. व्हिडिओ तेवढा राहिला.

त्यानंतर मी त्या खुर्चीतून कधी पूर्ण उठलेच नाही. बैठकीत साचा, स्क्रू, जोड यांवर बोलणं चाले तेव्हा माझ्याकडे कुणी वळत नसे. शेवटी कुणीतरी विचारी, "गावाकडच्या बाईला आवडेल का गं?" मी सांगे. मला वाटे, निदान विचारतात. हे असं पाच वर्षं. मग मी सोडलं. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपन्यांत काम केलं, चांगलं केलं. आई थकली तेव्हा परत आले. बोरगाव मेघेत दोन खोल्या घेतल्या. एकीत आई, एकीत शिवणयंत्र आणि कामाचं टेबल. आता दोन्हींत मीच असते.

नवी ओटी आईमुळे झाली. मी तिला खुर्चीवर बसवून मापं घेऊ लागले तर ती म्हणाली, "बसून काय सांगू? वेचता वेचता सांगतो मी." मग मी शेतात गेले. ती बांधावर बसून सांगायची. मी, सुमन आणि दोन-तीन बाया एका ओळीत वेचायचो. सुमन माझ्याबरोबर सातवीपर्यंत शिकलेली, मग वेचणीला लागलेली. पट्टा खांद्यावर गेला, मग पाठीवर फुली झाली, मग खालून उघडणारं तोंड आलं, म्हणजे ओटी न सोडता कापूस रिकामा करता यावा. दोन हंगाम गेले. आईनं शेवटची बांधून बघितली आणि म्हणाली, "आता काऊन केली? माही तं वेचणी सरली." ती हसत होती. त्याच उन्हाळ्यात गेली.

ड्रॉइंग्ज मी त्याच कंपनीला दिली, कारण शिवणारे आणि विकणारे त्यांच्याकडे होते. करारात लिहून घेतलं: डिझाइनर म्हणून नाव. बाकी काही मागितलं नाही.

तर तो मंगळवार, नवी ओटी बाजारात आणण्याचा कार्यक्रम. मी पुढच्या दारानं आत गेले. स्टेजवर टेबल, त्यामागे तीन खुर्च्या. बाजूला एक वेगळी खुर्ची, प्लॅस्टिकची. तिच्या पाठीवर कागद चिकटवलेला: वापरकर्ती.

मोठ्या सरांनी मला बघितलं आणि हात पसरले. "अरे, आमचं जुनं माणूस!" मग माइकवर म्हणाले, गंमत दाखवतो. पडद्यावर मी आले. चोवीस वर्षांची. कमरेला पिशवी. "कंबर दुखून राह्यली."

सभागृह हसलं. दुकानदार हसले, जे घरी हेच बोलतात. बाया हसल्या. सुमनही हसली. मग पडद्यावरची बाई कोण ते तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली.

सर म्हणाले, "ये, बस. नवी बांधून दाखव. तुमच्याकडचं बोल."

मी स्टेजवर गेले. बसले नाही. माइक मागितला. ड्रॉइंगची नळी काखेत घट्ट धरली. मी म्हणाले, "सर, ही ओटी मी केली. ड्रॉइंगवर माझी सही आहे. मी बांधून दाखवणार नाही. ती कशी झाली, ते उभं राहून सांगेन."

सर हसले. प्रेमानंच. "अगं, तेच तर! वापरणारीनंच डिझाइन केलं. हीच तर आपली स्टोरी आहे."

"मी तुमची स्टोरी नाही. मी डिझाइनर आहे."

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी विरोधही केला नाही. पुढच्या ओळीतल्या एका दुकानदारानं घड्याळ बघितलं. प्रचारवाल्या बाईंनी माझ्या हातातला माइक अलगद काढून घेतला आणि म्हणाल्या, वेळ कमी आहे. मग त्यांनी बायांकडे बघितलं. बोट दाखवलं.

सुमन उठली. पदर सारखा केला. येऊन त्या खुर्चीत बसली. फोटोवाला पुढे आला.

मी पायऱ्या उतरले आणि पुढच्या दारानंच बाहेर पडले. रस्त्यावर ऊन. ऑटो लवकर मिळाला नाही. आतून टाळ्या ऐकू आल्या.

आठवड्यानं मोबाइलवर माहितीपत्रक आलं. खुर्चीतली सुमन, हसरी, ओटी बांधलेली. खाली ओळ: ग्रामीण महिलांच्या अनुभवातून साकारलेली. सुमनचं नाव नाही. माझं नाव नाही. मी कंपनीला लिहिलं, करारातलं कलम जोडलं, व्हिडिओ काढून टाका असंही लिहिलं. उत्तर आलं: भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत. मी भावनांबद्दल एक शब्द लिहिला नव्हता.

मग सुमनकडे गेले. मला वाटत होतं, ती तरी माझ्या बाजूची. ती अंगणात तुरीच्या शेंगा झोडत होती. मी बोलत होते, ती झोडत होती. शेवटी थांबली.

"तू उठली म्हणून मले बसा लागलं."

मी म्हटलं, नाही म्हणायचं होतंस.

"तुले जमते, बाई. तू ऑटोनं जाशीन. मले त्याइच्याच जीपीनं घरी या लागत होतं." मग शेंगा गोळा करत, "तुहा माइक हिसकला त्याहिनं, तं मले वाईट वाटलं. पण तुनं खुर्चीकडं पाह्यलंच नाई. ते रिकामी राहीन काय?"

तिनं चहा दिला. तो पिऊन मी निघाले. जामच्या चौकात बसची वाट बघत उभी राहिले. ट्रक जात होते. तिथे मला समजलं ते असं: इतकी वर्षं मी त्या खुर्चीतून उठायची धडपड केली. उठले. खुर्ची जागेवरच होती. माझ्यामागून कुणीतरी बसणारच होतं. काच तशीच, चहा तिकडेच, फक्त बाई बदलली.

म्हणून आता काय ठरलं, ते लिहून ठेवते.

बुटक्या आणि उंच बायांसाठी या ओटीची आणखी दोन मापं आहेत. त्यांची ड्रॉइंग्ज माझ्या कपाटात आहेत. कंपनीनं तीनदा मागितली. व्हिडिओ पुसल्याशिवाय आणि नाव छापल्याशिवाय ती मिळणार नाहीत. तोवर मी ती मापं स्वतः शिवते. थोडी शिवून होतात. थोडी तर थोडी.

माझ्या खोलीत चाचणीची खुर्ची नाही. येणार नाही. जी माझ्याबरोबर ओळीत वेचेल, तिचं नाव ड्रॉइंगवर जाईल. आईचं गेलं आहे. उशिरा, पण गेलं आहे.

जूनमध्ये कंपनीत नव्या मुलांचं ट्रेनिंग असतं. मी विचारल्यावर तन्मयनं हे सांगितलं. मी पुण्याला जाणार. मला कुणी बोलावलेलं नाही. पडद्यावर तो व्हिडिओ लागेल तेव्हा मी पडद्यासमोर उभी राहणार, आणि बाहेर काढेपर्यंत तिथून हलणार नाही. एकटीच असेन, बहुतेक.

सुमनच्या फोटोचं काय करायचं, ते मी ठरवू शकत नाही. तिच्या वतीनं बोलले, तर मी काचेच्या त्या बाजूला. तिला विचारायला हवं: फोटो राहू द्यायचा की काढायचा, नाव घालायचं की नाही, तू येतेस का. दोनदा जामपर्यंत गेले आणि परत आले. ती काय म्हणेल याची भीती वाटते.

सुमनला विचारणं. बाकी.