नवऱ्याच्या सहीची रेघ

वेणूबाई आमच्या दवाखान्यात आया होती आणि मी कारकून. तुर्भ्याच्या कारखान्यांमागे, पत्र्याच्या छपराखाली तो दवाखाना चाले. बाई मराठवाड्यातली, चाळिशीनंतर वस्तीतल्या विहारात लिहायला-वाचायला शिकलेली. तिथे दर रविवारी राज्यघटनेतली कलमं वाचून समजावत. तेव्हापासून तिला दिसेल तो कागद वाचायची खोड लागली होती, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. आयानं फरशी पुसावी, फायली कशाला चाळाव्यात?

ब्याऐंशी सालच्या एका शुक्रवारी सखू आली. खाडीकाठच्या गावातली, तीन मुलींची आई. मागच्या बाळंतपणात रक्त जाऊन मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. आता बारावा आठवडा संपत आला होता. त्यानंतर गर्भपाताला दोन डॉक्टरांचं मत लागतं. आमच्याकडे एकच, तेही फक्त शुक्रवारी यायचे. म्हणजे आज नाही तर नाहीच.

मी फॉर्म पुढे सरकवला. "नवऱ्याची सही आणा."

"तो नाय देनार. त्याला पोरगा पायजे," सखू म्हणाली. "तुमी नाय केलं तर गावात काडी घालनारी हाय. तिच्याकडं जाईन."

गर्भ पाडायला आत घातलेल्या काडीनं बायका कशा मरतात ते मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "नियम आहे." आज लिहितानाही लाज वाटते.

सखू उठली. वेणूबाई दारात आडवी उभी राहिली. "कुटं बी जायचं न्हाई. बस हितं." मग माझ्याकडे वळली. "सायेब, कायद्याचं पुस्तक काढा."

"डॉक्टर एक वाजता निघतात, वेणूबाई. उगाच घोळ घालू नका."

तिनं स्वतःच कपाट उघडून मराठी पुस्तिका काढली. साडेबारा वाजून गेले होते. ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होती, जोडाक्षराला अडत होती, परत मागे जात होती. आत डॉक्टर बॅग आवरत असल्याचा आवाज येत होता. शेवटी बोट थांबलं.

"अठरा वर्साच्या वरच्या बाईची सोताची संमती. ह्यात नवरा कुटं लिवलाय, दावा."

मी पान वाचलं, उलटून पुढचंही वाचलं. नवरा कुठेच नव्हता.

मग आला कुठून? नसबंदीच्या अर्जावर जोडीदाराच्या सहीसाठी रेघ असे. गर्भपाताचे छापील फॉर्म संपले तेव्हा मीच त्या अर्जावरून नमुना टाइप केला होता, आणि ती रेघ तशीच उतरली. सहा वर्षं तिलाच मी नियम म्हणत होतो.

"घटनेनं जगायचा हक्क परत्येकाला दिलाय, सायेब," वेणूबाई म्हणाली. "बाईचा नवऱ्याला इचारून दिलेला न्हाई."

डॉक्टरांनी पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बॅग खाली ठेवली. "अंगठा घ्या."

सखूचा अंगठा मीच शाईवर टेकवला.

सगळं नीट पार पडलं आणि दुपारी सखू चहा प्यायली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी वेणूबाईपाशी गेलो, सहा वर्षांपूर्वी ती रेघ कशी आली ते सांगितलं आणि चुकलो म्हणालो. वाटलं, चांगली फैलावर घेईल. तिनं शांतपणे विचारलं, "ह्या सा वर्सांत सही न्हाई म्हनून किती जनी माघारी गेल्या?"

आम्ही फक्त दाखल झालेल्या बायकांची नावं लिहायचो. माघारी गेलेल्यांची नोंद कुठेच नव्हती.