मुराळ्याची जीप

भीमाशंकर आप्पानं उभं आयुष्य बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवली. गोवऱ्यांचा जाळ करायचा, त्यात धाव लाल करायची, सांडशीनं उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळून बसतं, मग वीस वर्षं बघायचं काम नाही. तेलगावात रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि आप्पाचा जाळ विझला.

एकुलती लेक कावेरी सासऱ्याच्या टोळीत ऊस तोडते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ही माणसं वीटभट्टीवर जातात. मधे हातात चार दिवस. त्या चार दिवसांत माहेरचा मुराळी न्यायला आला तरच लेक माहेरी येणार. भाऊ नाही, तेव्हा मुराळी बापच. मागच्या साली आप्पा एसटीनं गेला, तर व्याही म्हणाला, "लेकरू, बोचकी घेऊन तीन एसट्या बदलायच्या का तिनं? सुटी गाडी आणा आन् न्या." आप्पा चहाला न शिवता माघारी आला. कावेरीला माहेरी येऊन तीन वर्षं झालीत.

यंदा आप्पानं घेतलेली जुनी जीप दारात उभी राहिली.

मी ऊसतोड्यांची ओळखपत्रं करून देत गावोगाव फिरतो. शाळा सातवीत सुटली, कायदा साहेबांशी भांडून शिकलो. पट्टा पडला त्या दिवशी आप्पाकडं गेलो, तर जीपचं तोंड उघडं. इंजिनाच्या पुढची क्रँकपुली डुलत होती, म्हणून आप्पानं घरीच काढलेली. नवी आणली होती, पण ती इंजिनाच्या दांड्यावर चढत नव्हती. आणि अंगणात गोवऱ्या पेटलेल्या.

"आप्पा, पुली कुठंय?"

"जाळात. तापली की फुगंल, मग बसंल. धाव न्हाई का बसत?"

तेवढ्यात वास आला. त्या पुलीत लोखंडाच्या दोन कड्या असतात आणि मधे रबर. इंजिनाचा हादरा ते रबर पितं. आता ते काळं पाणी होऊन राखेत सांडत होतं.

माझं डोकं फिरलं. "बैलगाडीचं चाक हाय का हे? इचारायला लाज वाटती का तुमाला?"

आप्पा जाळाकडंच बघत राहिला. "मला वाटलं, निस्तं लोखंड हाय," म्हणाला. मग हळूच, "चार दिसातला एक गेला."

मी त्याच पावली मोटारसायकल काढून माजलगाव गाठलं. पुली शिल्लक नव्हती, दुकानदार म्हणाला, उद्या बीडहून येईल. दुसराही गेला. त्या दिवशी कावेरीचा फोन आला होता. आप्पानं तिला एवढंच सांगितलं, "निघतोच हाय मी." फोन ठेवून तो जीपच्या मागच्या सीटवर वाकळ पसरत बसला. ती आधीच पसरलेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुली हातात आली. बीडचा मिस्त्री महांतेश फोनवर सांगत होता: जाळ नको, उकळत्या पाण्यात ठेवा. हातोडा लावायचा नाही. लांब बोल्ट घ्या, नट-वायसर लावून हळूहळू आत ओढा.

आप्पाच्या बायकोनं, सरस्वतीबाईंनी, पाणी उकळायला तळणाची कढई दिली. "पुरणपोळीच्या आधी हेच तळून घ्या," म्हणाल्या.

आप्पानं उकळत्या पाण्यातून काढलेली पुली फडक्यानं धरून पुसली, दांड्यावरच्या चावीसमोर, म्हणजे बारक्या उंचवट्यासमोर, तिची खाच आणली आणि ढकलली. अर्ध्यावर अडकली. मी हातोडा उचलला. आप्पानं माझं मनगट धरलं. साठीतली पकड, पण सोडवता येईना.

"तुझा सभाव ठेव बाजूला," म्हणाला.

मग बोल्ट लावून पान्यानं पाव पाव फेरा देत राहिला. तळापर्यंत बसल्यावर लांब बोल्ट काढला, मूळचा आवळला, पट्टा चढवला. किल्ली फिरवली. पुली एका जागी, न डुलता फिरत होती. आप्पानं हातसुद्धा धुतले नाहीत.

टोळी तोवर नेकनूरकडं आपल्या वस्तीवर परतली होती. मी बाजूला बसलो. आप्पानं वाटेत दोनदा बजावलं, "तिथं तोंड उघडायचं न्हाई."

व्याह्यानं जीपभोवती एक चक्कर मारली. "परवा पहाटे भट्टीची गाडी येती. उद्या दिवसभर ठिवा, रातच्याला आणून सोडा."

माझ्या जिभेवर सगळी कलमं आली होती. आप्पानं मान डोलावली. कावेरी लेकराला कडेवर घेऊन, चप्पल हातात धरूनच गाडीत चढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम गेलो. पुरणपोळ्या झाकलेल्या. कावेरी ओसरीवर सकाळपासून झोपलेली. सहा महिने पहाटे तीनला उठणारं शरीर ते. हातांवर उसाच्या पाचटाचे काप. लेकरू आजीजवळ.

"उठवा की," मी म्हणालो. "लई बोलायचं होतं ना तुमाला तिच्याशी?"

आप्पा तिच्या उशाशी पंखा हलवत होता. तीन वर्षांचं बोलणं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"झोपू दे. हे तिथं मिळत न्हाई तिला," म्हणाला, आणि ऊन सरकलं तसा तिच्या आणि उन्हाच्या मधे सरकून बसला.