समुपदेशनातला उपदेश

आमच्या गावच्या शाळेतून पदवीपर्यंत पोचलेली मी घरातली पहिलीच. पुढे पुण्यात समुपदेशक झाले, तरी बाबा सगळ्यांना सांगायचे, "पोरगी लोकांना समजावते."

"बाबा, मी समजावत नाही हो, ऐकते."

"नुसतं ऐकायचा पगार देतात?"

पुण्यात आठ वर्षं काम केल्यावर नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडमध्ये, स्लाऊला आलो. इथल्या व्यावसायिक रजिस्टरवर नाव नसेल, तर मला कुणी काम देईना. आणि नाव हवं, तर शिक्षण पुन्हा पहिल्यापासून, असं जो तो सांगायचा. मी वर्षभर एका शाळेत डिनर लेडी होते. मुलांना जेवण वाढायचे. त्या कामाची लाज नव्हती. पण आपलं शिकणं विमानतळावरच राहिलं, असं वाटायचं.

मग ते रजिस्टर ठेवणाऱ्या संस्थेने नियम बदलला. बाहेर शिकलेल्यांनी केलेलं काम दाखवायचं, मुलाखत द्यायची; पुरेसं वाटलं तर पुन्हा कोर्स नाही.

मुलाखतीला दोघी परीक्षक होत्या. तासभर सगळं नीट चाललं. शेवटी थोरल्या बाईंनी सहज विचारलं, "तुमच्या भाषेत काउन्सेलरला काय म्हणतात?"

मी 'समुपदेशक' सांगितलं आणि हौसेने त्याची फोडही करून दाखवली. 'उपदेश' म्हणजे अ‍ॅडव्हाइस, हे बोलून गेले तेव्हा दुसरीचं पेन थांबलं. सल्ला द्यायचा नाही, हा तर या कामाचा पहिला धडा.

"म्हणजे तुम्ही सल्ला देता?" तिने विचारलं.

मला पुण्यात हे काम शिकवणाऱ्या माझ्या पहिल्या मॅडम आठवल्या. मी म्हणाले, "शब्दात उपदेश आहे, हे खरं. समोर बसणारा माणूसही तोच मागायला येतो, 'ताई, मी काय करू ते सांगा' म्हणतो. आमच्या मॅडम म्हणायच्या, तुझ्या पाटीवर उपदेश लिहिलाय ना, मग तो रोज गिळायला शीक. आठ वर्षं मी तेच केलं."

थोरल्या बाई हसल्या. "आमच्याकडेही सगळे तेच मागतात," त्या म्हणाल्या, "फक्त आमच्या पाटीवर तसं लिहिलेलं नाही."

पुढच्या आठवड्यात कळलं, माझं नाव रजिस्टरवर आलं. मला कुणी सूट दिली नव्हती. माझं काम बघितलं होतं. त्या नियमाचे आणि त्या दोघींचे उपकार मी विसरणार नाही.

लगेच घरी फोन लावला. बाबा एरवी "बरी आहेस ना?" विचारतात आणि फोन आईकडे देतात. त्या दिवशी म्हणाले, "थांब, टीव्ही बंद करतो." खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हं. आता पहिल्यापासून सांग. मी मधे बोलत नाही."