औषध आत गेलं का?

पेशी वाढवायच्या म्हणजे निम्मं काम थांबण्याचं. त्यांना घाई चालत नाही. मग चहा होतो, गप्पा होतात आणि काही वर्षांनी लक्षात येतं, की प्रबंधापेक्षा किस्सेच जाड झालेत! पुण्यात आयटी नुकतं रुजत होतं, तेव्हाची आमची प्रयोगशाळा. माणसं तीन : आमच्या गाइड लिमये मॅडम, यवतमाळचा गजानन आणि मी.

काम सांगायला सोपं. पेशीभोवती आवरण असतं. मोठ्या रेणूंची औषधं ते ओलांडू शकत नाहीत. पण प्रथिनांचे काही छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड्स, सहज आत जातात. त्यांना औषध जोडायचं आणि आत धाडायचं.

माझे बाबा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. त्यांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं.

"आत शिरल्यावर फुटतं का?"

"नाही हो बाबा, फुटत नाही."

"मग शिरून उपयोग काय?"

*

गजानन कोथरूडमध्ये खोली बघायला गेला. घरमालकांना तेव्हा आयटीवालेच हवे असत. "काय करता आपण?" असं विचारल्यावर हा अभिमानाने म्हणाला, "ड्रग डिलिव्हरी!"

मालकांनी चष्मा काढला. "अहो, निदान खोटं तरी बोलायचं!"

*

आमचं पहिलं पेप्टाइड परदेशातून आलं. भलामोठा थर्माकोलचा खोका, आत इवलीशी नळी. गजाननने ती उजेडात धरली.

"मॅडम, यात तं काहीच नाही!"

रिकामी समजून तो ती धुवायला निघाला. मॅडम जागेवरूनच म्हणाल्या, "धुवा. फक्त त्या पाण्याबरोबर आपलं वर्षभराचं काम जाईल, तेवढं बघा."

तळाशी धुक्यासारखा पापुद्रा होता. तेच पेप्टाइड!

*

एकदा मॅडमचं ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान होतं. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला.

"हे सगळ्याच पेशींत शिरतं म्हणता?"

"हो."

"मग आजारी कुठली, हे त्याला कोण सांगतं?"

"तेच शोधतोय. तुम्हाला आधी कळलं, तर फोन करा!"

*

गजाननचे निकाल फार सुरेख होते. पेप्टाइडला चमकणारा हिरवा रंग जोडलेला, आणि फोटोत पेशी आतून नुसत्या लखलखत होत्या. घरून वडिलांचे फोन यायचे, "बाकीचे पोट्टे आयटीत लागले. तुझं कधी संपते?" त्याने प्रबंध लिहायला घेतला होता.

मॅडमनी फोटो पुन्हा एकदा पाहिले. "या पेशी मारून मग काचेवर बसवल्या ना? मेलेल्या पेशीचं आवरण टिकत नाही, गजानन. मग कोणीही आत शिरतं."

म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि या वेळी जिवंत पेशींवर. कितीतरी दिवस तो डबासुद्धा एकटाच खायचा.

मग एका दुपारी त्याने आम्हाला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. लखलखाट नव्हता. फिकट हिरवे ठिपके होते, पण पेशींच्या आत. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"जिवंत आहेत, हे नक्की?"

"सकाळपासून पाहून राहिलो, मॅडम. आत्ताच एकीच्या दोन झाल्या!"

"कोणती?" म्हणत मॅडम पुन्हा वाकल्या.