खंडेनवमीला फिरलेलं यंत्र

सांगोल्याजवळच्या आमच्या डाळिंबाच्या बागेत, बांधाच्या कडेला, एक भूकंपमापक पुरलेला आहे. रान चुलत्याचं, यंत्र आमच्या विभागाचं आणि राखण काकीची. मी सोलापुरात कॉलेजात शिकवते आणि उरल्या वेळात पीएचडी नावाचं दुखणं सांभाळते.

"भूकंप तिकडं इंडोनेशियात, आन् खड्डा हितं?" काकीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता.

त्याचं उत्तर सांगायला मला अजून मजा येते. तिकडे समुद्राचा तळ शेजारच्या जमिनीखाली घुसतो. त्या बुडत्या तळाच्या वरचा खडक घट्टच असतो, तरी लाखो वर्षांत तो कणकेसारखा ओढला जातो आणि त्यातले स्फटिक एका दिशेनं लागतात. खूप खोल भूकंप झाला की त्याची एक लाट आधी या खडकातून वर जाते, जमिनीला आपटून परत फिरते आणि पृथ्वीच्या पोटातून थेट आमच्या बागेत येते. स्फटिकांतून जाताना तिच्या दोन लाटा होतात, एक जरा पुढं, एक जरा मागं. पुढची कोणत्या दिशेनं थरथरते ते पाहिलं की खडक कुठं वाहतोय याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी यंत्रावरचा बाण बरोबर उत्तरेला हवा. तो मी स्वतः लावला होता.

मनासारखा भूकंप मिळाला तो थेट दिवाळीत. बुडता तळ खडकाला आपल्याबरोबर खाली ओढत असणार, असं त्या भागाबद्दल सगळे धरून चालले होते. माझं गणित म्हणत होतं, छे, तो बुडत्या तळाच्या काठाकाठानं आडवा वाहतोय. मी हवेतच होते! मार्गदर्शक म्हणाले, परिषदेत मांडू. सगळा प्रबंध या एका उत्तरावर उभा राहणार होता.

निबंध पाठवण्याआधी सहज एक साधी गोष्ट तपासली. लाट पूर्वेकडून यायला हवी. नोंदीत ती उत्तरेकडून आल्यासारखी दिसत होती. मागच्या नोंदी चाळल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोठी खडखड होती, जी मी शेळ्यांच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. सकाळच्या एसटीनं सांगोला गाठलं.

"काकी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी खड्ड्यापाशी कोण गेलं होतं?"

"मीच की. खंडेनवमी न्हवं का! मोटरीला कुकू लावलं, फवारणीच्या पंपाला लावलं, मग ह्यो एकटाच का वगळायचा? पुसला, फूल वाह्यलं. तोंड उत्तरेला हुतं, ते उगवतीला केलं."

मी बांधावर बसले. राग येत होता आणि हसूही. रागवायचं कुणावर, तिनं तर माझ्या यंत्राला घरचं मानलं होतं.

"लई नुकसान झालं का गं?"

"झालं." मग मी तिला सगळं सांगितलं. दिशा काटकोनात फिरवून घेतली की उत्तर तेच येत होतं, जे सगळे म्हणत होते.

"म्हंजी तुजं पैलं खोटं हुतं?"

"व्हय."

"मग हितंच कळलं ते बरं झालं की. चार लोकांत कळलं आसतं तर?"

खरं होतं. तरी मला रडू आलं. काकीनं एक डाळिंब फोडून माझ्या ओंजळीत दाणे ओतले आणि मी रडत रडत ते सगळे खाल्ले. मग होकायंत्र काढून बाण पुन्हा उत्तरेला केला. काकी लांब उभी होती.

यंदा खंडेनवमीच्या आधी तिचा फोन आला. "उद्या पूजा हाय. त्येला लांबनंच फूल टाकते. हात न्हाय लावत." तिच्या आवाजात धास्ती होती. ती धास्ती मला हातच्या गेलेल्या शोधापेक्षा जास्त जिव्हारी लागली. मी पुन्हा एसटी पकडली.

खड्ड्याचं झाकण मी काढलं. काकी हात पाठीमागं घेऊन उभी. तिचा हात धरून मी यंत्रावर ठेवला, वर माझाही ठेवला. कुंकू तिनंच लावलं, हलकेच. बाण उत्तरेलाच राहिला.

त्या दिवसाच्या नोंदीत दोन बारीक थरथरी आहेत, एक जरा पुढं, एक जरा मागं. एक काकीची, एक माझी. कोणती कुणाची, ते काही केल्या ओळखता येत नाही.