मी मनगट पुढे केलं

"कोण लागते ही तुमची?"

हवालदाराने विचारलं तेव्हा माझ्या तोंडात भेळ होती. गोदाकाठची बाग, भरदुपार, बाकावर आम्ही दोघं. मी पन्नाशी ओलांडलेला, बायको वारलेली. सुनंदा घटस्फोटित, येवल्याची, हातमागावर पैठणी विणते. साडी नाशिकच्या दुकानात पोचवायला येते, तेव्हा परतीच्या एसटीआधी थोडा वेळ आम्ही इथे बसतो. बोलतो. एवढंच. आणि एवढंच नसतं, तरी काय?

"बहीण," मी म्हणालो. "मावसबहीण."

विचार न करताच तोंडातून गेलं. शेजारी सुनंदाचा हात भेळीच्या पुड्यावर थांबला.

हवालदार माझ्या मुलाच्या वयाचा. "काका, बहीण घरी येते. बागेत नाय बसत." मग सुनंदाला, "बाई, पिशवी दाखवा."

कशासाठी, हे मी विचारलं नाही. पिशवीत पाण्याची बाटली, डबा आणि गिऱ्हाइकाला रंग दाखवायच्या रेशमाच्या छोट्या लड्या. त्याने एका लडीतून जांभळा धागा ओढला.

"बहीण ना? मग बांधा राखी. इथंच, माझ्यासमोर. नायतर चला चौकीत. घरी फोन लावू. पोराला कळू दे बाप काय करतो."

जाणारे-येणारे थांबले. कोणीतरी हसलं. मला डोळ्यांपुढे मुलगा दिसला, सून दिसली, कॉलनीतले शेजारी दिसले.

मी मनगट पुढे केलं. शर्टाची बाही वर करून. त्याला नीट दिसावं म्हणून.

सुनंदाने त्याच्या हातातून धागा घेतला. बोटावर गुंडाळला आणि लडीत परत ठेवून दिला.

"मी यांची बहीण नाही," ती म्हणाली. "कोण आहे ते तुम्हाला सांगणार नाही. आमचा गुन्हा काय, तेवढं बोला."

"लय बोलते ही." तो माझ्याकडे वळला. "काका, आधार काढा. मोबाइल द्या इकडं."

सुनंदाही माझ्याकडेच बघत होती. माझा हात अजून तसाच, हवेत. तो मी खाली घेतला. बाही खाली ओढली.

"नाही देणार." आवाज फाटला माझा. "आधी गुन्हा सांगा. मग चौकीत येतो. मुलाला फोन मीच लावतो."

गुन्हा त्याच्याकडे नव्हता. "परत दिसू नका इथं," म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे गेला. तिथली कॉलेजची जोडी तो पोचायच्या आतच उठून उभी राहिली होती. अशा पोरांना पोलीस हुसकावतात, हे मी पूर्वीही पाहिलं होतं. बरं झालं, असंच वाटायचं मला.

सुनंदा पिशवी उचलून स्टँडकडे निघाली, मी मागोमाग. गाडीत चढताना म्हणाली, "त्याचं काही नाही. तो उद्या दुसऱ्या कुणाला धरेल. पण तुम्ही बाही वर केलीत."

रस्ता सरकारने करावा. नळाला पाणी आणावं. चोर शिरला तर पोलीस मला हवाच आहे. पण माझ्या शेजारी कोण बसली, ती माझी कोण, तिच्या पिशवीत काय, हे विचारायची मुभा त्याला दिली कोणी? कायद्याला, खात्याला खूप शिव्या घालून झाल्या माझ्या. तरी शेवटी माझंच मनगट समोर येतं. विचारलं की सांगायचं. मागितलं की दाखवायचं. जन्मभर मी हेच केलं आणि त्याला शहाणपण म्हटलं.

घरी मुलाला मीच सगळं सांगितलं. तो ताटावरून उठून गेला. जाऊ दे.

पुढच्या खेपेला सुनंदा आली नाही. फोनही उचलत नाही. तिला जाब विचारायचा हक्क मलाही नाही.

मी मात्र त्याच बाकावर जाऊन बसतो. बाही मनगटापर्यंत, बटण लावून. हवालदार एक दिवस येईलच. विचारेल, काका, कोणाची वाट बघताय?

सांगणार नाही.